गड्डा जगला तर लिली जगली

स्वीडनच्या दक्षिण भागात, टिवेडनच्या जंगलालगत, फागेरटेर्न नावाचे एक छोटे तळे आहे. हिवाळ्यात त्यावर बर्फाचा जाड थर बसतो तो थेट वसंतापर्यंत. तरीही दर उन्हाळ्यात या तळ्यात लालसर गुलाबी वॉटर लिली फुलतात. युरोपातली रानटी वॉटर लिली एरवी पांढरी. तिचा हा लाल प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे नजरेस आला आणि बघ्यांची, संग्राहकांची, फुले विकणाऱ्यांची रीघ लागली. झाडे इतकी ओरबाडली गेली की १९०५ मध्ये या लिलीला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. शतकानुशतकांच्या थंडीला जे जमले नव्हते ते माणसांनी काही दशकांत करत आणले होते.

याच लिलीच्या जातभाईंना युरोप-अमेरिकेतल्या घरामागच्या हौदांत मात्र हिवाळा बाधतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर कुंडी वर काढावी तर आत काळा, बोट लावताच फुटणारा लगदा निघतो. जंगलातल्या तळ्यात कुणाच्याही मदतीशिवाय तरणारी वनस्पती बागेत, निगराणीखाली असताना का मरते? तिथले जाणकार माळी याची दोन कारणे सांगतात. एक म्हणजे पाणी किती खोल आहे याचा विचार झालेला नसतो. दुसरे, आपल्याकडची लिली थंड मुलखातली आहे की उष्ण मुलखातली, हेच मालकाला ठाऊक नसते. या दोन्ही जातींना हिवाळ्यात विश्रांती लागते, पण दोघींची विश्रांतीची रीत अगदी निराळी. माळ्याला फक्त त्या त्या रीतीची नक्कल करायची असते.

चार अंशांचे पाणी

सुरुवात पाण्यापासून करायला हवी. बहुतेक द्रव थंड होतात तसे आकुंचन पावून जड होत जातात आणि गोठल्यावर आणखी जड होतात. पाणी या नियमाला चार अंश सेल्सिअसपर्यंतच धरून असते. चार अंशांचे पाणी सर्वांत जड. त्याखाली तापमान उतरू लागले की पाणी पुन्हा हलके होते आणि गोठल्यावर तर इतके हलके की बर्फ तरंगतो. त्यामुळे तळे वरून खाली गोठते, खालून वर नाही. थंडी वाढत गेली की चार अंशांचे जड पाणी तळाशी जाऊन बसते आणि त्याहून थंड, हलके पाणी वर राहते. वरच्या थराचा बर्फ होतो आणि त्या बर्फावर हिम साचले की बाहेरच्या उणे वीस अंशांपासून खालच्या पाण्याला आडोसा मिळतो.

हा आडोसा पुरेसा पाणी असेल तरच कामाचा. मिनेसोटासारख्या राज्यात तलावावरचा बर्फ दोन फुटांहून जाड होऊ शकतो. तिथे दीड फूट खोलीचा हौद तळापर्यंत गोठणार, हे उघड आहे. जमिनीत खणलेल्या हौदाला निदान भोवतालच्या मातीची ऊब असते. फरशीवर ठेवलेल्या टबाला तीही नाही. वारा त्याला चारही बाजूंनी लागतो आणि कडेकडेने आत शिरत बर्फ मध्यापर्यंत पोचतो. अर्धे लाकडी पिंप कापून त्यात लिली लावण्याची पद्धत अमेरिकेत फार लोकप्रिय आहे आणि हिवाळ्यात सर्वाधिक लिली दगावण्याचा धोका अशाच पिंपांत असतो.

आता झाडाकडे येऊ. थंड मुलखातल्या लिलीचे खोड चिखलात आडवे वाढते आणि आल्याच्या गड्ड्यासारखे दिसते. पाने, देठ, फुले हा सारा उन्हाळ्याचा पसारा. खरे झाड म्हणजे हा गड्डा. उन्हाळाभर पानांनी तयार केलेले अन्न पिष्टाच्या रूपाने त्यात साठते आणि वर्षातले चार-पाच महिने झाड त्या शिदोरीवर काढते. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. पाने असताना त्यावरही उपाय असतो, कारण देठांमध्ये हवेच्या पोकळ नळ्या असतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन डेसी यांनी १९८० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की पिवळ्या पाणलिलीची कोवळी पाने उन्हाने तापली की त्यांच्यात हवेचा किंचित दाब तयार होतो. तो दाब हवा देठातून खाली गड्ड्यापर्यंत ढकलतो आणि ती जुन्या पानांच्या देठांतून पुन्हा बाहेर पडते. त्यांनी या प्रवाहाला झाडातला वारा म्हटले होते. हिवाळ्यात पाने गेली की ही वाट बंद होते. गड्डा मग आपली सारी कामे इतकी मंदावतो की त्याला फारसा प्राणवायू लागतच नाही.

चार अंशांच्या पाण्यात तो महिनोन्‌महिने असा तग धरतो. त्याच्या पेशींतलेच पाणी गोठले तर मात्र पेशी फाटतात आणि वसंतात हाती लगदा येतो. थंडी त्याला चालते, बर्फात सापडणे चालत नाही. लिलीच्या हिवाळी निगेतला हा पहिला आणि सर्वांत मोठा नियम आहे.

रंगीत लिली थंडीत कशी आली

दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या बागकामाला या नियमाचा फार विचार करावा लागत नव्हता, कारण थंडी सोसणारी लिली बहुतेक पांढरीच होती. रंग हवा असेल तर उष्ण देशांतल्या लिली आणायच्या आणि काचघरात तापवलेल्या हौदात ठेवायच्या, हा श्रीमंतांचा शौक. फ्रान्सच्या नैऋत्येला, ल ताँप्ल-स्यूर-लॉत या गावी जोसेफ बोरी लातूर-मार्लियाक या गृहस्थांनी १८७५ मध्ये रोपवाटिका सुरू केली आणि हे चित्र पालटले. युरोपातली पांढरी लिली, उत्तर अमेरिकेतली सुवासिक लिली, मेक्सिकोकडची पिवळी लिली आणि स्वीडनमधला तो लाल प्रकार यांच्या संकरातून त्यांनी थंडी सोसणाऱ्या पिवळ्या, गुलाबी आणि गडद लाल लिली तयार केल्या. १८८९ मध्ये आयफेल टॉवर ज्या जागतिक प्रदर्शनासाठी उभा राहिला त्याच प्रदर्शनात या लिली पॅरिसच्या लोकांपुढे आल्या.

त्या पाहणाऱ्यांत चित्रकार क्लोद मोने होता. जिव्हर्नीच्या आपल्या घरालगतची जागा त्याने १८९३ मध्ये तळ्यासाठी घेतली. जवळच्या ओढ्याचे पाणी तळ्यात वळवायला परवानगी मागितली तेव्हा गावकरी बिथरले. ही परदेशी झाडे पाणी विषारी करतील आणि आपली गुरे मरतील, अशी त्यांना भीती होती. अखेर परवानगी मिळाली आणि १८९४ मध्ये मोनेने लातूर-मार्लियाक यांच्या रोपवाटिकेकडे लिलींची मागणी नोंदवली. पुढे तीस वर्षांत त्याने या तळ्याची अडीचशेच्या आसपास चित्रे काढली. नावेतून फिरून पाने साफ करायला, वाळलेली फुले खुडायला त्याने तळ्यावर खास माळी ठेवला होता. ही चित्रमालिका जगभर गेली, पण तिच्यामागे लातूर-मार्लियाक यांनी सोडवलेला बागकामाचा एक साधा प्रश्न होता. रंगीत लिली उघड्या तळ्यात बारा महिने राहू शकेल का, हा तो प्रश्न. त्यांची रोपवाटिका आजही त्याच गावात आहे.

आधी ओळख, मग औषध

हिवाळ्याच्या तयारीआधी आपली लिली कोणती हे ठरवावे लागते आणि त्यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. थंड मुलखातल्या लिलीच्या पानांची कडा साधारणपणे गुळगुळीत असते आणि फूल बहुधा पाण्यावर टेकलेले असते. उष्ण मुलखातल्या लिलीच्या पानांना दातेरी किंवा नागमोडी कडा असते आणि तिचे फूल ताठ देठावर पाण्याच्या वर उभे राहते. फूल निळे किंवा जांभळे असेल, तर ती उष्ण मुलखातली असण्याची शक्यता फार मोठी. फूल सूर्यास्तानंतर उमलत असेल, तरी तेच.

जमिनीखालचा फरक जास्त महत्त्वाचा. उष्ण मुलखातल्या लिलीला आडवा गड्डा नसतो. तिच्या बुंध्याशी छोट्या, टणक गाठी धरतात. या गाठी बनल्या त्या थंडीसाठी नव्हेत, दुष्काळासाठी. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलियातली कितीतरी तळी कोरड्या ऋतूत आटतात. पाणी आटले की पाने जळून जातात, पण चिखल वरून तडकला तरी आतल्या ओलसर मातीत ही गाठ पडून राहते आणि पावसाचे पाणी भरले की पुन्हा फुटते. फागेरटेर्नच्या लिलीला बर्फाचे झाकण पुरते. हिला ऊबदार, दमट मातीतली झोप लागते. बर्फाखालच्या चार अंशांच्या पाण्यात तिची गाठ महिनोन्‌महिने राहिली तर कुजते.

थंड मुलखातल्या लिलीची शरद ऋतूतली कामे

उत्तर अमेरिका आणि युरोपात ही तयारी ऑगस्टअखेरीस सुरू होते. लिलीला उन्हाळ्यात दर महिन्याला कुंडीच्या मातीत खताच्या गोळ्या खोचतात, कारण ती फार खादाड. ऑगस्ट संपताना हे खत बंद करायचे. उशिरा घातलेल्या खताने कोवळी पालवी फुटते आणि गड्ड्यात साठायला हवे ते अन्न पानांवर खर्च होते. दिवस लहान होऊ लागले की झाड स्वतःच आवरते घेते. नवी पाने लहान येतात, कळ्या थांबतात.

पहिल्या कडक दहिवरानंतर वरची पाने पिवळी पडून काळवंडतात. ती आता काढायची. देठ गड्ड्यापासून काही सेंटीमीटर वर कापायचा, ओढून उपटायचा नाही. ओढताना गड्ड्याचा कोंब दुखावतो. पाण्याखाली असलेली लहान, हिरवी किंवा तांबूस पाने मात्र राहू द्यायची. ती झाडाची हिवाळी पाने असतात. कमळाला वेगळा नियम लागतो. त्याचे दांडे पोकळ असतात आणि पाण्याखाली कापले तर पाणी थेट कंदात उतरण्याची धास्ती असते, म्हणून वाळलेले दांडेही पाण्याच्या वरच छाटावेत असे माळी सांगतात.

यानंतर खरे काम, कुंडी खाली नेणे. उन्हाळ्यात लिली साधारण एक-दीड फूट पाण्याखाली असते, कारण तिथे ऊन पोचते. हिवाळ्यासाठी ती हौदाच्या सर्वांत खोल भागात उतरवायची. त्या भागातला बर्फ जास्तीत जास्त जितका जाड होतो त्याच्या बऱ्याच खाली गड्डा असायला हवा. कडक थंडीच्या प्रदेशात हौदाचा निदान एक भाग अडीच-तीन फूट खोल ठेवतात तो यासाठीच. हौद बांधतानाच हा खड्डा करून ठेवला तर पुढची कित्येक वर्षे डोकेदुखी टळते.

उथळ टब असेल तर झाड घरात आणण्यावाचून गत्यंतर नाही. पाने छाटलेली कुंडी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात आणि न तापवलेल्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात ठेवतात. तापमान चार ते दहा अंशांच्या दरम्यान हवे. त्याहून उबदार जागी गड्डा अकाली फुटतो, अंधारात फिकट कोंब काढतो आणि शिदोरी संपवून बसतो. दर दोन-तीन आठवड्यांनी पिशवी उघडून ओल तपासायची. गड्डा एकदा पुरता वाळला की तो परत येत नाही. तळघरात उंदीर असतील तर पिशवीभोवती जाळी हवी. बाहेरच्या हौदातही शत्रू असतात. उत्तर अमेरिकेत मस्करॅट नावाचा पाणउंदरासारखा प्राणी बर्फाखाली पोहत येऊन गड्डे खातो.

बर्फाखाली कोंडलेली हवा

हौदात मासे असले की हिवाळ्याचा दुसरा प्रश्न उभा राहतो आणि त्याची मुळे पुन्हा लिलीच्याच पानांत असतात. न काढलेली पाने आणि आजूबाजूच्या झाडांचा पाचोळा तळाशी कुजत राहतो. कुजण्याची क्रिया पाण्यातला प्राणवायू खाते. तो संपला की मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ लागतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडमुळे. उघड्या पाण्यातून हे वायू निघून जातात. बर्फाचे झाकण बसले की आत कोंडतात. वसंतात बर्फ वितळल्यावर तरंगणारे मेलेले मासे थंडीने नव्हे, याच कोंडमाऱ्याने गेलेले असतात.

म्हणून ऑक्टोबरमध्ये हौदावर जाळी ताणायची आणि पानगळ संपेपर्यंत ठेवायची. तळाचा गाळ जमेल तेवढा जाळीने काढायचा. पुढे बर्फ धरला की त्यात एक भोक मोकळे ठेवायचे. बाजारात यासाठी तरंगते विजेचे हीटर मिळतात. ते सगळा हौद तापवत नाहीत, फक्त एका जागी पाणी उघडे ठेवतात. वीज नसेल तर गरम पाण्याने भरलेले पातेले बर्फावर ठेवून भोक वितळवतात. हातोड्याने बर्फ फोडणे सर्वांत वाईट, कारण त्या धक्क्याच्या लाटा पाण्यातून जाऊन थंडीने सुस्तावलेल्या माशांना इजा करतात. मीठ टाकणे हा तर माशांवर आणि लिलीवर दुहेरी घाव.

कारंज्याचा पंप हिवाळ्यात तळाशी चालू ठेवू नये, याचे कारणही चार अंशांच्या पाण्यात आहे. पंप तळाचे तुलनेने उबदार पाणी वर फेकतो, ते थंड हवेत गारठते आणि सगळा हौद सारखा थंड होतो. निसर्गाने लावलेले थर मोडतात. पाणी हलते ठेवायचेच असेल तर पंप पृष्ठभागाजवळ उचलून ठेवतात. बर्फावर साचलेले हिम मात्र थोड्या भागावरून झाडून टाकले तर फायदा होतो. खाली उजेड पोचतो आणि पाण्याखालची हिरवी रोपे थोडाफार प्राणवायू तयार करत राहतात. पाणी दहा अंशांखाली गेले की माशांना खाणे घालणेही थांबवायचे. त्यांना ते पचत नाही आणि उरलेले अन्न पाणी नासवते.

वाळूत निजलेल्या गाठी

उष्ण मुलखातल्या लिलीसाठी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहराइतके बोलके उदाहरण सापडणार नाही. तिथल्या मिसूरी बोटॅनिकल गार्डनमध्ये १९०६ साली लंडनच्या क्यू उद्यानातून जॉर्ज प्रिंग हा तरुण माळी आला आणि पुढची कित्येक दशके तिथेच राहिला. त्याने उष्णदेशीय लिलींच्या संकराला आयुष्य वाहिले. त्याची ‘सेंट लुइस’ नावाची पिवळी लिली ही पेटंट मिळालेली पहिली वॉटर लिली म्हणून ओळखली जाते. या साऱ्या लिली बर्फ पडणाऱ्या शहरात वाढवल्या गेल्या. उन्हाळ्यात बाहेर फुलवायच्या, थंडीपूर्वी आत न्यायच्या, हा तिथला रिवाज. पेनसिल्व्हेनियातल्या लाँगवुड गार्डन्समध्येही बाहेरचे लिली-हौद उन्हाळ्यात भरतात आणि शरद ऋतूत रिकामे होतात.

घरच्या बागेत ही लिली वाचवण्याची रीत थोडी नाजूक आहे, पण अवघड नाही. पाणी वीस अंशांच्या खाली उतरू लागले की झाडाचा जोर ओसरतो. एक-दोन हलकी दहिवरे पडू दिली की पाने मान टाकतात आणि गाठी पक्क्या होतात. मग कुंडी वर काढून बुंधा धुवायचा. मुख्य बुंध्याखाली छोट्या, काळपट, टणक गाठी सापडतात. ज्या हलक्या दाबाने सुटतात त्या पिकलेल्या. मोठ्या, जुन्या बुंध्यापेक्षा या छोट्या गाठींचा भरवसा जास्त. त्यांची मुळे काढून त्या स्वच्छ धुतात आणि किंचित ओल्या वाळूत, झाकणाच्या बरणीत पुरून ठेवतात. वाळू मुठीत दाबली तर पाणी ठिबकू नये, एवढीच ओल. जागा दहा ते तेरा अंशांची हवी. फ्रीज यासाठी फार थंड आणि स्वयंपाकघर फार ऊबदार. महिन्यातून एकदा बरणी उघडून मऊ पडलेली गाठ काढून टाकायची, नाहीतर एकीची कूज सगळ्यांना लागते.

ओहायोच्या तळघरातली ही बरणी खरे तर उष्ण प्रदेशातल्या आटलेल्या तळ्याचा तळ असते. तोच अंधार, तीच दमट वाळू, तीच पाण्याची वाट पाहणे. मार्च-एप्रिलमध्ये गाठी छोट्या कुंड्यांत लावून पंचवीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात, दिव्याखाली ठेवल्या की पावसाळा आल्याचा निरोप त्यांना मिळतो. बारीक देठ पृष्ठभागाकडे निघतो, त्यावर रोप धरते. ते रोप अलगद वेगळे केले तर तीच गाठ पुन्हा दुसरे रोप देते. बाहेर लावण्याची घाई मात्र अंगाशी येते. हौदाचे पाणी सलग एकवीस अंशांवर टिकेपर्यंत थांबायचे. थंड पाण्यात टाकलेले रोप पुन्हा गाठीत परतते आणि अर्धा उन्हाळा वाया जातो.

काही लिली मालकाचे काम हलके करतात. ‘डोबेनियाना’सारख्या जातीत पान आणि देठ मिळतात त्या जागी पानावरच नवे रोप उगवते. असे एक पान उबदार मत्स्यटाकीत तरंगत ठेवले तरी पुढच्या वर्षीची सोय होते. व्हिक्टोरिया लिलीच्या बाबतीत थंड देशांनी झाड जपण्याचा हट्टच सोडला. इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टनने नोव्हेंबर १८४९ मध्ये ॲमेझॉनची ही महाकाय लिली तापवलेल्या हौदात फुलवून दाखवली. पण एवढे झाड हिवाळाभर जगवणे परवडत नाही. म्हणून बहुतेक बागा तिला एका वर्षाचे झाड मानतात. हिवाळ्यात जपतात ते तिचे बी आणि तेही पाण्यात बुडवून, कारण वाळले की ते मरते.

थंडी सोसणारी निळी लिली हे संकर करणाऱ्यांचे जुने स्वप्न. निळा रंग उष्ण गटाकडे, गड्डा थंड गटाकडे आणि दोन्ही गटांचा संकर सहसा धरत नाही. थायलंडमध्ये पैरत सोंगपानिच यांनी हा अडसर पार करून ‘सयाम ब्लू हार्डी’ ही निळी लिली तयार केली. २००७ मध्ये ती जगापुढे आली आणि दोन गटांमधली भिंत पहिल्यांदा खऱ्या अर्थाने ओलांडली गेली.

दल सरोवर ते दख्खन

भारतात बर्फाखालच्या कंदाची साक्ष काश्मीर देते. डिसेंबरच्या २१ तारखेला तिथे चिल्लई कलान हा चाळीस दिवसांचा कडक काळ सुरू होतो. दल सरोवराचे काठ गोठतात. याच हंगामात नावाडी लांब दांड्याने तळातून नद्रू, म्हणजे कमळाचे खोड, काढत असतात आणि श्रीनगरच्या घरांत त्याची भाजी शिजते. वर बर्फ असतो आणि खाली चिखलात पिष्टाने भरलेले खोड शाबूत असते.

महाराष्ट्रात पाणी गोठण्याची भीती नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठते, निफाडचा पारा अधूनमधून पाच अंशांच्या आसपास येतो, पण तळे गोठत नाही. तरीही हिवाळ्याचा मुद्दा इथे गैरलागू नाही. पुण्या-नाशकाच्या गच्च्यांवर टबात वाढणाऱ्या लिली प्रामुख्याने उष्ण मुलखातल्या, निळ्या-जांभळ्या-गुलाबी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे पाणी दहा-बारा अंशांवर येते आणि झाड आवरते घेते. पाने लहान होतात, फुले थांबतात आणि मालक घाबरून नेमकी चुकीची गोष्ट करतो. तो खत वाढवतो किंवा कुंडी बदलतो.

या काळात झाडाला खत नको, नवी माती नको आणि मुळांना हातही नको. कापलेली मुळे थंड पाण्यात भरून येत नाहीत, कुजतात. टब भरपूर ऊन येईल अशा जागी सरकवावा. टब जितका मोठा तितके पाणी सावकाश गारठते, म्हणून बादलीएवढ्या कुंडीतली लिली टाकीएवढ्या टबातल्या लिलीच्या आधी थांबते. पाण्याची भर घालायची ती सकाळच्या नळाच्या गार पाण्याने नको. दुपारपर्यंत उन्हात ठेवलेले पाणी बरे. पिवळी पाने मात्र लगेच काढावीत, कारण कुजक्या पानाचा त्रास इथेही तोच आहे. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत रात्रीही पाणी फारसे उतरत नाही, त्यामुळे तिथे फुले थोडी विरळ होतात, इतकेच.

फेब्रुवारीच्या मध्याला दख्खनवर दुपारची हवा तापू लागते आणि नवी पाने आधीच्या पानांपेक्षा मोठी येऊ लागतात. विश्रांती संपल्याची ती खूण. आता कुंडी बाहेर काढून जुनी माती बदलायची. गड्डा वाढला असेल तर धारदार सुरीने ठसठशीत डोळा असलेला तुकडा वेगळा करायचा, गाठी धरल्या असतील तर त्या सोडवून घ्यायच्या. शेतातली चिकणमाती आणि थोडे कुजलेले शेणखत तळाशी, त्यावर मातीचा थर आणि माती विरघळू नये म्हणून वर जाडसर वाळू. नवे पान पृष्ठभागावर येईपर्यंत कुंडी विटांवर उंच ठेवायची आणि पाने वाढतील तशा एकेक विटा काढून खाली न्यायची. खताची पहिली गोळी तीन-चार पाने पसरल्यावर द्यायची. मार्च सरताना कळ्या दिसू लागतात.